तिसरी हाळी

काकीनं मला राजस्थानच्या सहलीला जाऊ दिलं ते एका अटीवर. तिकडं कुठंही मेंढरं दिसली की आपल्या घरची हाळी द्यायची, आणि ती माना वर करतात का ते बघून यायचं.

मी पर्यटनाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संभाजीनगरात मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळं अभ्यास सहल म्हणजे काय हे घरी सांगताना माझी तारांबळ उडाली. फिरायला जायचं आणि त्याचे मार्क मिळतात, हे दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, काही केल्या पटत नव्हतं. ते म्हणाले, मग मेंढरांना तर आतापर्यंत पहिला नंबर मिळायला पाहिजे होता. काकी चुलीपाशी होती. तिनं एवढंच विचारलं की त्यात मारवाड येतं का. मी म्हटलं, येतं. मग ती दादांकडं न बघता म्हणाली, "जाऊ द्या तिला."

मारवाड का, ते सांगायला पाहिजे.

आमचं घर देवगाव रंगारीच्या पुढं, गावाबाहेर माळाला लागून आहे. थोडी शेती आहे, पण घर चालतं मेंढरांवर. पूर्वी सुगी संपली की आमच्या माळावर काठेवाडी उतरायचे. उंट, मेंढरं, खाटा, कोंबड्या, सगळा संसार सोबत. आमच्याकडं अशा लोकांना सरसकट काठेवाडीच म्हणतात, पण आमच्या माळावर येणारे आपलं गाव मारवाडात सांगायचे. माझ्या काकांची त्यांच्याशी दोस्ती होती. एका साली ते लोक निघाले तेव्हा काका म्हणाले की मी जरा वाटेला लावून येतो. खांद्यावर घोंगडं टाकलं, काठी घेतली आणि उंटांच्या मागं चालत गेले. ते परत आले नाहीत. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. घरात भांडण नव्हतं, निदान कुणी तसं सांगत नाही. दादा शोधत गुजरातेपर्यंत जाऊन आले. पुढच्या साली ते काठेवाडी आमच्या वाटेनं आलेच नाहीत.

काकी अजूनही कुंकू लावते. गावातल्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलावतात, पण सगळ्यात शेवटी बोलावतात. आता तिच्या लेकीचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न ठरलंय आणि भावकीला एकदमच घाई झाली. मांडवात मुलीची आई म्हणून काकीनं बसायचं का, आणि कुणाशेजारी, याचा निकाल लग्नाआधी लागायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. ज्याचा पत्ता लागत नाही त्याचा कणकेचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि तेरावं घालतात. मग तो माणूस मेला असं सगळ्यांनी धरून चालायचं. येत्या अवसेला पुतळा करायचा असं ठरलं. दादा शेवटी हो म्हणाले. ते थकले होते. काकी नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "पोरगी तिकडून येऊ द्या. तंवर कणीक मळू नका."

म्हणून माझ्यावर हे काम आलं. इतिहासाचा पेपर मला जमला असता. हे जमेल असं वाटत नव्हतं.

आमच्याकडं प्रत्येक घरची हाळी निराळी असते. मेंढरं लांब पांगली तरी ती आपल्याच घरच्या हाळीला वळतात, शेजारच्या नाही. आमच्या हाळीत आधी "होऽऽ" असा लांब सूर वर चढवायचा, तो मध्येच तोडायचा आणि शेवटाला दातांतून एक बारीक शीळ काढायची. ती शीळ मुद्दाम कुणी शोधली नव्हती. काकांचा पुढचा दात तरुणपणीच पडला होता आणि ओरडताना फटीतून वारा निघायचा. मेंढरांनी नेमकी तीच खूण धरली. मग दात शाबूत असलेल्या सगळ्यांना जीभ वाकडी करून ती शीळ शिकावी लागली. दादांना अजून नीट येत नाही. मला येते, कारण मला खुद्द काकांनी शिकवली.

काकांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. तिन्हीसांजेला रानात कुणी हाक मारली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारतोच. दुसरं काही असेल तर त्याला तिसरी जमत नाही. आमच्याकडं सगळेच हा नेम पाळतात, पण काका त्यात फार कडक होते. मला पारखायला ते बांधाआड लपून हाक मारायचे. एकदा मी पहिल्या हाकेलाच पळत गेले. काका बांधाआडून उठले, पण हसले नाहीत. म्हणाले, "पहिलीलाच आलीस. मी नसतो तर?"

या नेमाचा मला वसतिगृहात फार त्रास झाला. दिवेलागणीला आमच्या रेक्टरबाई अंगणात उभ्या राहून एकेकीचं नाव पुकारतात. अंगणापलीकडं निलगिरीची झाडं आणि त्यामागं मोकळं रान. माझं नाव आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. बाई दुसऱ्यांदा पुकारायच्या आणि गैरहजर लिहून पुढं जायच्या. शेवटी त्यांनी बोलावून विचारलं की तू रोज संध्याकाळी जातेस कुठं. खरं कारण सांगायची लाज वाटली. मला ऐकायला जरा कमी येतं, असं सांगून टाकलं. तेव्हापासून त्या माझं नाव तीनदा, मोठ्यानं पुकारतात. सगळ्या मुली हसतात.

सहलीची बस पहाटे निघाली. मॅडम पुढं बसल्या, आम्ही मागं. माझ्या शेजारी माझी खोलीतली मैत्रीण होती. ती पैठणची. तिला प्रवासात झोप येत नाही आणि ती दुसऱ्यालाही झोपू देत नाही. काकीची अट फक्त तिला माहीत होती.

चितोडला आमचा गाईड गाडीत चढला. दादांच्या वयाचा, मूळ जोधपूरकडचा माणूस. किल्ल्यात शिरताना तो डोक्याला लाल-पिवळा फेटा बांधायचा आणि गाडीत आला की काढून मांडीवर ठेवायचा. आम्ही कुठले ते त्यानं विचारलं. दौलताबादच्या जवळचे, असं मॅडम म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला की तुमच्याकडं तर कधीकाळी अख्खी दिल्ली चालत आली होती. मागून कुणीतरी विचारलं, सगळे पोचले का हो? सगळे हसले. गाईडही हसला, पण मग हळूच म्हणाला, "जो रास्ते में रह गए, उनका किसी ने लिखा नहीं।"

मी ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून घेतलं. गाईडनं कसं बोलावं याचा आम्हाला अहवाल द्यायचा होता. पण खरं सांगायचं तर मी ते अहवालासाठी लिहिलं नव्हतं.

चितोडच्या किल्ल्यात एका पडक्या भिंतीपाशी त्यानं आवाज घुमवून दाखवला. मग प्रत्येकजण आपापलं नाव ओरडू लागला. माझ्या मैत्रिणीनं माझं नाव ओरडलं. भिंतीनं ते परत दिलं, जरा घोगरं करून, दोनदा. ऊन कलतं झालं होतं. मी गप्प उभी राहिले.

"अगं, ओ दे की," ती म्हणाली. "तू भिंतीवरसुद्धा रुसतेस का?"

मी तिला नेम सांगितला. ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, तुझं लग्न झाल्यावर नवरा पाणी मागून मागून मरेल. पण परतताना तिनं माझा हात धरला होता आणि तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

उदयपूर सोडल्यावर डोंगर लागले. पहिली मेंढरं मला तिथं दिसली. आबूच्या चढाला धुकं उतरत होतं आणि एका वळणावर कळपानं रस्ता भरून टाकला. बस थांबली. लाल पागोट्याचा एक म्हातारा आणि एक पोरगी कळप हाकत होते. सगळे फोटो काढायला खाली उतरले, त्यांच्यात मीही उतरले. हाळी द्यायची म्हणून छाती भरून घेतली, पण माझा वर्ग तिथं होता, मॅडम होत्या. मी अर्धीच दिली, खालच्या आवाजात, आणि शीळ गिळली. कुणीतरी विचारलं, उचकी लागली का? मेंढरांनी ढुंकून बघितलं नाही. धुक्यात शिरून ती एकामागून एक दिसेनाशी झाली, जणू रस्ता संपतो तिथं कुणीतरी ती पुसत होतं.

मला एकदम हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. माझ्या मनात काय होतं ते मलाही तेव्हा कळत नव्हतं. कुठलंच मेंढरू वळू नये, काकीला जाऊन सांगावं की नाही वळलं, आणि एकदाचं ते सगळं संपावं, असं काहीतरी असावं.

जोधपूरच्या किल्ल्यात एका दरवाज्याच्या भिंतीवर हाताचे पंजे आहेत. सती गेलेल्या राण्यांचे, असं गाईडनं सांगितलं. लहान लहान पंजे, ओळीनं, शेंदूर फासलेले. काही तर पोरीबाळींचे वाटावेत इतके बारके. लोक फोटो काढत होते. मी बराच वेळ बघत राहिले. नवरा मेल्याची खात्री झालेल्या बायकांचे ते हात होते. त्यांना निदान भिंत मिळाली होती. काकीनं तिचा पंजा कुठं उठवावा, असा विचार मनात आला आणि मला तिथून पटकन बाहेर पडावंसं वाटलं. बाहेर येताना वाटलं की कुणीतरी पाठीला हात लावला. वळले तर मैत्रीण बरीच पुढं गेली होती आणि मागं फक्त तो दरवाजा होता. मला भिंतीचा स्पर्श झाला असेल. तसंच असेल.

जैसलमेरच्या पलीकडं एक ओसाड गाव आहे. तिथं माहिती सांगायची पाळी माझ्यावर होती. प्रत्येक विद्यार्थ्यानं एका ठिकाणी गाईड व्हायचं, असा आमचा नियम होता. मी पाठ करून गेले होते. छपरं नसलेली घरं, दारं नसलेल्या चौकटी, सरळ आखलेल्या गल्ल्या. मी सांगितलं की अशी आख्यायिका आहे, इथले सगळे लोक एका रात्रीत गाव सोडून गेले आणि कुठं गेले ते कुणाला कळलं नाही. हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. वर्गातल्या एका मुलानं विचारलं, कुणीच कसं सांगितलं नाही? कुणीतरी मागं राहिलंच असेल ना? मॅडम मला म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, शोधून काढ. मी हो म्हटलं.

मला वाटत होतं की मागं राहिलेल्यांनाही माहीत नसतं.

त्याच दिवशी आम्ही वाळूच्या टेकड्यांवर गेलो. आमच्याकडं वाळू म्हणजे गोदेची, ओली, ट्रॅक्टरमध्ये भरायची. ही वाळू वाऱ्यानं हलत होती. टेकडीच्या कडेवरून ती सारखी धुरासारखी उडत होती. उंटावर बसणं झालं, फोटो झाले. उंट बघून मला काठेवाड्यांचे उंट आठवले. त्यांच्या पायांचा आवाज येत नसे, त्यामुळं सकाळी उठल्यावरच कळायचं की ते निघून गेलेत. मॅडमनी सांगितलं की सूर्य बुडेपर्यंत मोकळे आहात, गाडीचा हॉर्न वाजला की लगेच यायचं. टेकडीखाली तंबूंच्या बाजूला भोंगा लावून गाणी चालू होती. मला तो आवाज नकोसा झाला. मैत्रीण वाळूत नाव लिहून त्याचा फोटो काढत बसली होती. मी तिला सांगून टेकडीच्या पलीकडच्या बाजूला उतरले.

पलीकडं गाणं ऐकू येत नव्हतं. एकच टेकडी मध्ये होती, तरी आवाज कापून टाकल्यासारखा बंद झाला. खाली सपाट जागा होती, सुकं गवत आणि दोनचार खुरटी झाडं. तिथं मेंढरं चरत होती. काळ्या तोंडांची, आमच्यापेक्षा उंच. राखणारा कुणी दिसत नव्हता.

या वेळी ऐकायला कुणीच नव्हतं. त्यामुळं लाजेचं कारण सांगता आलं नसतं. मी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि हाळी दिली, पूर्ण, शेवटच्या शिळेसकट.

मेंढरं हाळी ओळखतात तेव्हा काय करतात ते मला माहीत आहे. आधी चघळणं थांबतं. मग कान वळतात, आणि मग सगळ्या माना एकदम वर येतात. त्या परक्या मेंढरांनी हे सगळं त्याच क्रमानं केलं. सगळ्यांनी. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता.

मला वाटलं, आवाजानं दचकली असतील. खात्री करायला मी दुसऱ्यांदा हाळी दिली. आवाज कापला, पण शीळ नीट आली. मेंढरं चालू लागली. पळाली नाहीत. संध्याकाळी वाडग्याकडं, म्हणजे त्यांच्या कुंपणाकडं, येतात तशी, माना खाली घालून, एका रांगेत, माझ्या दिशेनं. पुढची मेंढी माझ्या ओढणीला नाक लावून उभी राहिली. बाकीची भोवती जमली. परकी मेंढरं परक्या हाळीला येत नाहीत. हे मला बाराखडी येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

मी मान वर केली तेव्हा समोरच्या टेकडीच्या कडेवर कुणीतरी उभं होतं.

सूर्य त्याच्या मागं होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. नुसता काळा आकार. अंगावर काहीतरी पांघरलेलं. काठी बगलेत धरून, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला लावून तो उभा होता. काका असेच उभे राहायचे. पण दादाही तसेच उभे राहतात, आणि मला वाटतं जगातला प्रत्येक मेंढक्या तसाच उभा राहत असेल. त्यावरून काही म्हणता येत नाही. मला विचित्र वाटलं ते दुसरंच. कुणाची मेंढरं अनोळखी माणसाकडं गेली तर तो ओरडतो, शिव्या देतो, काठी घेऊन धावत येतो. हा काहीच करत नव्हता. हलला नाही, बोलला नाही, मेंढरांना परत बोलावलं नाही. मान जराशी तिरकी करून तो नुसता ऐकत होता. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

मला त्याच्याकडं जायचं होतं. मी गेले नाही. ओरडून विचारायचं होतं, पण काय विचारणार? काका म्हणावं आणि त्या काळ्या आकारानं ओ दिली तर, ही भीती होती. ओ दिली नाही तर, हीसुद्धा तितकीच भीती होती. किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. वाळूतली ऊब पायाखाली निवत गेली तेवढं आठवतं.

मग गाडीचा हॉर्न वाजला. मागून टेकडीच्या माथ्यावरून मैत्रीण माझ्या नावानं हाका मारत होती. मी वळून तिला हात केला. परत बघितलं तर कडेवर कुणी नव्हतं. मेंढरांनी माझ्यापासून तोंडं फिरवली होती आणि ती आली तशीच, रांगेनं, त्या टेकडीकडं चालली होती. त्यांना कुणी बोलावल्याचं मी ऐकलं नाही.

मैत्रीण म्हणाली, मी तुला कितीदा हाका मारल्या, तू त्या रिकाम्या जागेकडं बघत काय बसलीस. मी विचारलं, तुला मेंढरं दिसली नाहीत? ती म्हणाली की उजेड डोळ्यांवर होता. नंतर गाडीत तिनं माझ्या ओढणीवरून एक लोकरीची काळी बट काढली आणि काही न बोलता खिडकीबाहेर टाकली. ती मी ठेवायला हवी होती.

गाईडला मी वाटेत सगळं सांगितलं, जमेल तसं, मोडक्या हिंदीत. त्यानं हसण्यावारी नेलं नाही. त्याचा नंबर दिला आणि उंटवाल्यांकडं चौकशी करतो म्हणाला.

संभाजीनगरला उतरल्यावर मी वसतिगृहात गेलेच नाही. तशीच एसटीनं घरी आले. दुपार टळली होती. अंगणात खाटेवर गहू धुऊन वाळत घातले होते. ते कशासाठी हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दादा वाडग्याचं कूड बांधत होते. बहीण गहू निवडत होती आणि तिची मान खाली होती. काकी दारात बसली होती. तिनं मला पाणी दिलं, मी पिऊन होईपर्यंत थांबली आणि विचारलं, "वळली?"

"वळली," मी म्हटलं.

बहिणीचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. मेंढरं कशी आली, कडेवर कोण उभं होतं, ते कसं हललं नाही. दादा हातातली दोरी तशीच धरून जवळ आले. माझं सांगून झाल्यावर त्यांनी ती दोरी हाताला गुंडाळली. मग म्हणाले की माणूस असता तर बोलला असता. सख्ख्या घरची हाळी ऐकून कोण गप बसंल? जे काही असंल ते आपलं नाही. त्यांच्या आवाजात भीती होती. मला वाटलं ते बरोबर बोलताहेत. रस्ताभर मीही तेच स्वतःला सांगत आले होते.

काकीनं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती.

"दिस कुठं होता?"

"बुडत होता."

"अन् तू हाळी किती येळा दिली?"

"दोनदा."

काकीनं डोळे मिटले. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "मग तो कसा ओ देईल, बाई? तिसरीची वाट बघत असंल."

मला काका बांधाआडून उठताना दिसले, न हसता. तिरकी मान दिसली. ज्यानं मला तो नेम शिकवला त्याच्यासमोर मी दोनदा हाळी देऊन गप्प उभी राहिले होते. नेम हाक ऐकणाऱ्यासाठी असतो, एवढंच मी आजवर धरून चालले होते. मारणाऱ्यानं तिसरी मारायची असते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

काकी उठली. वाडग्याच्या मागं, जिथून माळ सुरू होतो तिथं गेली. तिन्हीसांज झाली होती. तिनं उत्तरेकडं तोंड केलं, पदर कानामागं सारला आणि हाळी दिली. एकच. शीळ इतकी नीट आली की दादांनी दचकून मागं बघितलं. वाडग्यातली सगळी मेंढरं उठून उभी राहिली. माळावरून काही आलं नाही. ती तरी थांबली, आमच्याकडं पाठ करून, अंधारात तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत. मग आत आली आणि म्हणाली की कणीक मळायची नाही. खाटेवरचे गहू तिनं गोळा केले आणि लग्नाच्या शेवयांसाठी म्हणून डब्यात भरले. भावकीतली एक म्हातारी दुसऱ्या दिवशी त्यावरून बोलली, अपशकुन म्हणाली. काकी म्हणाली, गव्हाला काय ठावं?

नंतर गाईडचा फोन आला. त्यानं खरंच चौकशी केली होती. एका उंटवाल्यानं त्याला सांगितलं की त्या बाजूला एक परमुलखी म्हातारा मेंढरं घेऊन यायचा. लोक त्याला बहिरा समजत, कारण संध्याकाळी एकदोनदा आवाज दिला तर तो वळून बघत नसे. पण तो म्हातारा कुणाला दोन-तीन सालांत दिसलेला नाही. आणि या साली तिकडं गवतच उगवलं नाही, तर मेंढरं कोण आणणार, असंही तो उंटवाला म्हणाला.

मी हे काकीला सांगितलं, काही न गाळता. दादांनाही. लग्न उरकलं की दादा तिकडं जाणार आहेत. शीळ नीट यावी म्हणून ते सध्या रोज संध्याकाळी वाडग्यामागं सराव करतात आणि बहीण त्यांना हसते. मांडवात काकी बसणार आहे. तिच्याशेजारचा पाट रिकामा ठेवायचा असं तिनं भावकीला सांगितलंय. यावर अजून वाद चालू आहे.

मी वसतिगृहात परत आलेय. रेक्टरबाई दिवेलागणीला अंगणात येतात आणि सवयीनं माझं नाव मोठ्यानं पुकारतात. त्यांना आता तीनदा पुकारावं लागत नाही. मी पहिलीलाच ओ देते, कारण तिसरी मारायला कुणी थांबेलच असं नाही. खोलीत असले, अभ्यास करत असले, तरी कुणी दाराबाहेरून हाक मारली की मी पहिलीलाच ओ देऊन दार उघडते.

कधीकधी बाहेर कुणी नसतं.